आना बॉक (१८४८-१९३६) : चित्रकर्ती की संग्राहक?

जानेवारी १८९० मध्ये ब्रसेल्स येथे 'ले व्हँ' (म्हणजे 'वीस जण') या कलावंत मंडळाचे वार्षिक प्रदर्शन भरले. त्यात व्हिन्सेंट व्हॅन गॉग याची सहा चित्रे मांडली होती. त्यांपैकी 'लाल द्राक्षमळा' हे चित्र चारशे फ्रँकांना विकले गेले. ते विकत घेणाऱ्या बाई म्हणजे आना बॉक. पाश्चात्त्य कलेच्या इतिहासात त्यांचे नाव बहुधा या एकाच वाक्यापुरते येते आणि तेथेच संपते. व्हॅन गॉगच्या हयातीत विकले गेलेले हे एकमेव चित्र, अशी दंतकथा लोकप्रिय पुस्तकांतून इतकी रुजली आहे, की खरेदी करणाऱ्या व्यक्तीकडे त्या दंतकथेतील एक पात्र म्हणूनच पाहिले जाते. ही दंतकथा काटेकोरपणे खरीही नाही. १८८२ मध्ये व्हॅन गॉगच्या एका चुलत्याने त्याच्याकडून हेग शहराची रेखाचित्रे पैसे देऊन करवून घेतली होती. प्रदर्शनात किंमत देऊन घेतले गेलेले एक मोठे तैलचित्र, एवढेच 'लाल द्राक्षमळ्या'विषयी निःशंकपणे म्हणता येते.

मात्र या खरेदीच्या वेळी बॉक या प्रदर्शन पाहण्यास आलेल्या धनिक प्रेक्षक नव्हत्या. त्या त्याच मंडळाच्या निवडून आलेल्या सदस्य होत्या आणि तेथे पाच वर्षे चित्रकार म्हणून वावरत होत्या. एका चित्रकाराने दुसऱ्या चित्रकाराचे चित्र घेतले, असे या घटनेचे सरळ वर्णन करता येते. पण तसे वर्णन क्वचितच आढळते. त्यांचे चित्रकार्य स्वतंत्रपणे तपासले असता त्याचे मोल काय ठरते, आणि संग्राहक म्हणून मिळालेल्या कीर्तीने ते झाकोळले का गेले, या दोन प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

घराणे आणि शिक्षण

आना बॉक यांचा जन्म १० फेब्रुवारी १८४८ रोजी बेल्जियमच्या एनो प्रांतातील सँ-वास्त येथे झाला. बॉक घराणे मातीच्या भांड्यांच्या व्यवसायात अठराव्या शतकापासून होते. लक्झेंबर्गमध्ये वाढलेला हा उद्योग १८३६ मध्ये व्हिलरॉय घराण्याच्या उद्योगाशी जोडला गेला. १८३९ मध्ये लक्झेंबर्गची फाळणी झाल्यावर बेल्जियमची बाजारपेठ हातची जाऊ नये म्हणून घराण्यातील मंडळींनी १८४१ मध्ये ला लुव्हिएर येथे 'केरामिस' हा कारखाना काढला. आना यांचे वडील व्हिक्टर बॉक हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे रंग, झिलई, नक्षी आणि भट्टी या गोष्टी या मुलीच्या घरच्याच होत्या. घरात सजावटीची कला व्यवसाय म्हणून चालत होती आणि त्या व्यवसायातून आलेली संपत्ती आयुष्यभर पुरणारी होती. पुढील साऱ्या प्रवासावर या दोन्ही गोष्टींचा ठसा आहे.

त्या काळी बेल्जियममधील मुलीला चित्रकार होणे अशक्य नव्हते. पण तिचा मार्ग वेगळा असे. ब्रसेल्सच्या राजकीय अकादमीची दारे १८८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्त्रियांना बंद होती. पॅरिसची सुप्रसिद्ध शासकीय कलाशाळा तर १८९७ मध्ये उघडली. नग्न मानवाकृतीचा अभ्यास नाही, म्हणून ऐतिहासिक आणि पौराणिक विषयांची भव्य चित्रे नाहीत. आणि ती नाहीत म्हणून शासकीय सन्मान नाहीत, अशी ही साखळी होती. उरत असे ते खाजगी शिक्षण, फुले, स्थिरवस्तुचित्रे, आणि थोडे धाडस असेल तर निसर्गचित्रे. एफ्रोझीन बेर्नार्ट (१८३१-१९०१), मारी कोलार्ट (१८४२-१९११) या बॉक यांच्या आधीच्या बेल्जियन चित्रकर्त्यांनी निसर्गचित्राचीच वाट धरली, हा योगायोग म्हणता येत नाही. या मांदियाळीत लुईज एजेर (१८३९-१९३३) यांचेही नाव येते. इंग्रजी साहित्याच्या अध्यापकांना त्यांचे वडील परिचित असतील : शार्लट ब्राँटे हिचे ब्रसेल्समधील शिक्षक कॉन्स्टंटँ एजेर.

बॉक यांना खरी दिशा सापडली ती १८७६ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, इसिदोर व्हेरहायडन (१८४६-१९०५) यांच्या मार्गदर्शनाखाली. गुरू शिष्येपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठे. त्यांनी बॉक यांना चित्रशाळेतून बाहेर, उघड्या हवेत काम करण्यास लावले आणि रंगाचा जाड थर निर्भयपणे देण्यास शिकविले. व्हेरहायडन हे क्रांतिकारक चित्रकार नव्हते. पण रंग हा आकार भरण्याचा लेप नसून एक जड, हाताला जाणवणारा पदार्थ आहे, ही जाणीव शिष्येने त्यांच्याकडून घेतली असावी. पुढे बिंदुपद्धतीच्या अतिशय शिस्तबद्ध काळातही ही जाणीव त्यांच्या चित्रांतून पूर्णपणे गेली नाही.

वीस जणांत एक

'ले व्हँ' मंडळाची स्थापना ऑक्टोबर १८८३ मध्ये झाली. जेम्स एन्सोर, फेर्नां क्नोप्फ, तेओ व्हान रायसेलबर्ग, विली फिंच ही त्यातील ठळक नावे. मंडळाचा कारभार चित्रकाराच्या हाती नव्हता. तो वकील आणि कलासमीक्षक ऑक्ताव्ह मोस यांच्याकडे सचिव म्हणून होता. परीक्षक मंडळ नाही, पदके नाहीत, सदस्य वीस आणि दरवर्षी देशोदेशीचे निमंत्रित पाहुणे, अशी रचना होती. शासकीय प्रदर्शनांच्या मक्तेदारीला दिलेले ते उत्तर होते. १८८५ मध्ये आना बॉक मंडळाच्या सदस्य झाल्या. १८९३ मध्ये मंडळ विसर्जित होईपर्यंत दुसरी स्त्री सदस्य झाली नाही. बेर्त मोरिझो (१८८७) आणि मेरी कसाट (१८९२) यांना मंडळाने प्रदर्शनात बोलावले; पण पाहुण्या म्हणून.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. ऑक्ताव्ह मोस हे आना बॉक यांचे नात्याने भाऊ. तेव्हा ही निवड नात्यागोत्यातून झाली, असे सुचविले जाते. नाते होते, आणि त्याचा उपयोग झाला नसेल असे मानण्याचे कारण नाही. मात्र या आक्षेपाचा पल्ला किती, हे पाहिले पाहिजे. नवे सदस्य मताने घेतले जात आणि ही मते पुष्कळदा कडवट असत. १८८६ मध्ये जेम्स व्हिसलर याच्यासारख्या ख्यातनाम चित्रकाराने सदस्यत्वाची इच्छा दर्शविली, तेव्हा मंडळाने त्याला नकार दिला. एन्सोरसारखा भांडखोर सहकारी केवळ सचिवाची बहीण म्हणून कोणाला आठ वर्षे मुकाट्याने सहन करील, हे पटणारे नाही. शिवाय पुरुष सदस्यांचे परस्परांतील आप्तसंबंध, मैत्री आणि आर्थिक देवाणघेवाण यांविषयी हाच प्रश्न कोणी विचारीत नाही. स्त्रीच्या बाबतीत ओळखपाळख हे स्पष्टीकरण ठरते आणि पुरुषाच्या बाबतीत तीच गोष्ट 'कलावंतांचे वर्तुळ' म्हणून गौरविली जाते, हा समीक्षेतील जुना दुटप्पीपणा आहे.

सहकाऱ्यांनी त्यांना काय मानले, याची साक्ष एका चित्रातून मिळते. व्हान रायसेलबर्ग यांनी काढलेले आना बॉक यांचे व्यक्तिचित्र आज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या संग्रहालयात आहे. त्या काळच्या श्रीमंत घरातील स्त्रीचे चित्र काढताना दिवाणखाना, पंखा, मोत्यांची माळ ही सामग्री ठरलेली असे. येथे ती चित्रशाळेत, हाती ब्रश घेतलेली दिसते. चित्रकाराने आपल्या बरोबरीच्या चित्रकाराचे काढलेले हे चित्र आहे.

बिंदूंची शिस्त

१८८७ च्या प्रदर्शनात झोर्झ सरा याचे 'ग्रांद जात बेटावरील रविवार' हे प्रचंड चित्र ब्रसेल्सला आले. दृक्प्रत्ययवाद्यांनी प्रकाशाच्या क्षणिक रूपाचा पाठलाग केला. सरा याने त्या पाठलागाला शास्त्राची शिस्त लावली. रंग रंगफलकावर मिसळायचे नाहीत. शुद्ध रंगांचे लहान ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्यांचे मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होऊ द्यायचे, अशी ही पद्धती. विरोधी रंग शेजारी आले की परस्परांना उजळवितात, हा शेव्हरल याने १८३९ मध्ये मांडलेला नियम तिच्या मुळाशी होता. पॅरिसखालोखाल ही पद्धती कोठे रुजली असेल, तर ती ब्रसेल्समध्ये. प्रथम फिंच, मग व्हान रायसेलबर्ग, आन्री व्हान द व्हेल्ड, झोर्झ लेमन आणि आना बॉक.

बॉक यांच्या या काळातील चित्रांत 'उद्धारणाच्या क्षणी' (१८९३) हे सर्वांत महत्त्वाचे. ते आज ओस्टेंड येथील संग्रहालयात आहे. कॅथलिक उपासनेत धर्मगुरू पवित्र भाकरी दोन्ही हातांनी वर उचलून धरतो, तो हा क्षण. उपासनेचा तो परमोच्च बिंदू. पण चित्र आहे ते चर्चच्या बाहेरचे. आत काय चालले आहे ते दिसत नाही. बाहेर उन्हात जमलेल्या साध्या माणसांच्या शरीरांवरून ते समजून घ्यायचे. चित्राचे शीर्षक ज्या घटनेचे नाव घेते ती घटना चित्राच्या चौकटीत नाही, ही योजना विलक्षण आहे. सरा याच्या चित्रांतील माणसे बाहुल्यांसारखी ताठ असतात, ती कोणाचीच वाट पाहत नाहीत. बॉक यांच्या चित्रातील स्तब्धतेला मात्र कारण आहे. पद्धतीतून येणारी निश्चलता आणि विषयातून येणारी निश्चलता येथे एकमेकींत मिसळून जातात. बिंदुपद्धतीला तिच्या स्वभावाशी जुळणारा विषय मिळाला की ती कशी बोलते, याचे हे उदाहरण अभ्यासकांनी अधिक वेळा द्यायला हवे. त्याच सुमाराचे 'वाळूच्या टेकड्यांतून उपासनेहून परतताना' हे चित्र जणू याचाच पुढचा भाग. तेथे स्तब्धता सुटलेली आहे आणि माणसे चालू लागली आहेत.

या काळातील त्यांची सगळीच चित्रे या उंचीची नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काही निसर्गचित्रांत ठिपके ही केवळ पृष्ठभागाची सजावट होते. खालची रचना पूर्वीचीच, व्हेरहायडन यांच्या शिकवणुकीतली, आणि वर नव्या फॅशनचे वस्त्र. व्हान रायसेलबर्ग यांच्या मानवाकृतीवरील प्रभुत्वाशी त्यांची तुलना केली, तर बॉक उण्या पडतात. त्याचे एक कारण वर सांगितलेल्या शिक्षणाच्या साखळीत आहे. पण कारण समजले म्हणून उणीव नाहीशी होत नाही.

१८९० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ही पद्धती सोडली. याला माघार म्हणण्याची प्रथा आहे. बिंदुपद्धती संथ आहे. ती चित्रशाळेत बसून करायची असते. बॉक यांचा पिंड उघड्या हवेत काम करणाऱ्या चित्रकाराचा. ब्रिटनीचे कडे, भूमध्य समुद्राचा किनारा, बेल्जियमच्या वाळूच्या टेकड्या अशी त्यांची भ्रमंती वयाच्या साठीनंतरही चालू राहिली. मोटारगाडी आल्यावर त्यांनी तीही या कामी जुंपली. या उत्तरकालीन समुद्रचित्रांत ठिपक्यांऐवजी रुंद, मोकळे फटकारे येतात. पण सावलीतील जांभळा आणि उन्हातील नारिंगी यांना शेजारी ठेवण्याची सवय राहते. पद्धतीचा सांगाडा टाकून तिने डोळ्याला दिलेले शिक्षण राखले, असे या परिवर्तनाचे वर्णन अधिक न्याय्य ठरेल. १९०४ मध्ये एमिल क्लाउस यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'जीवन आणि प्रकाश' या मंडळाच्या वर्तुळात त्या सामील झाल्या, ते या वाटचालीशी सुसंगतच होते.

संग्रह : विकत घेणारा डोळा

बॉक यांच्या संग्रहाची नामावळी आजही थक्क करणारी आहे. गोगँ याचे 'कुरणातील संभाषण', सरा याचे 'ग्रांद जातजवळची सेन नदी', एन्सोरचे 'रशियन संगीत', सिन्याकची समुद्रचित्रे; 'लाल द्राक्षमळ्या'नंतर व्हॅन गॉगचेच बहरलेल्या पीच झाडांचे आणखी एक चित्र, जे आता लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहालयात आहे. वर दिलेल्यांपैकी गोगँ, सरा आणि एन्सोर यांची चित्रे ब्रसेल्सच्या राजकीय संग्रहालयात आहेत. एन्सोरच्या त्या चित्रात पियानो वाजविणारी स्त्री आणि ऐकत बसलेला फिंच आहेत. बॉक स्वतः संगीतात रमणाऱ्या होत्या आणि त्यांच्या घरच्या संगीतबैठका ब्रसेल्समध्ये प्रसिद्ध होत्या, हे लक्षात घेता ते चित्र त्यांच्या भिंतीवर असणे स्वाभाविक वाटते.

या संग्रहाला 'उदार श्रीमंत बाईंचे औदार्य' असे समजणे हा एक सोयीचा गैरसमज आहे. व्हॅन गॉगचे चित्र घेण्यामागे धाकटे बंधू युजेन बॉक (१८५५-१९४१) यांची मैत्री होती, असे सांगितले जाते. तेही खरे आहे. युजेन स्वतः चित्रकार. १८८८ च्या उन्हाळ्यात आर्ल येथे व्हॅन गॉगला भेटले आणि त्याने तारांकित आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्यांचे 'कवी' हे व्यक्तिचित्र काढले, जे आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पण भावाच्या मित्राला मदत करायची असेल, तर कोणतेही चित्र चालले असते. सहा चित्रांतून, ज्यांत सूर्यफुलांची दोन चित्रे होती, बॉक यांनी नेमका 'लाल द्राक्षमळा' निवडला. पावसानंतरचे ओले शेत, मावळता सूर्य, लाल आणि पिवळ्याचा जाड, ओरखडल्यासारखा थर, उन्हात राबणाऱ्या बायका. ज्या काळात त्या स्वतः बिंदूंच्या काटेकोर शिस्तीत काम करीत होत्या, त्याच काळात त्यांनी त्या शिस्तीच्या नेमके विरुद्ध जाणारे चित्र घरी आणले. व्हेरहायडन यांच्याकडे शिकलेल्या रंगाच्या जडपणाची भूक ठिपक्यांनी भागत नव्हती, असे येथे म्हणता येईल. त्यानंतर चारपाच वर्षांतच त्यांची स्वतःची शैली मोकळी झाली. भिंतीवरचे चित्र आणि चित्रफलकावरचे चित्र यांचा हा संवाद पाहिल्यावाचून संग्राहक आणि चित्रकर्ती अशी फाळणी करणे म्हणजे एकाच डोळ्याचे दोन तुकडे करणे होय.

'लाल द्राक्षमळा' बॉक यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विकला. १९०९ मध्ये तो मॉस्कोचे उद्योगपती इव्हान मोरोझोव्ह यांच्याकडे गेला, रशियन क्रांतीनंतर सरकारजमा झाला आणि आज मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे.

संपत्तीची दोन टोके

बॉक यांची चित्रे पाहताना एक अनुपस्थिती टोचल्यावाचून राहत नाही. त्यांचा जन्मप्रदेश कोळशाच्या खाणींचा, भट्ट्यांचा आणि धुराड्यांचा. मार्च १८८६ मध्ये, त्या 'ले व्हँ'च्या सदस्य झाल्याच्या पुढच्याच वर्षी, लिएज आणि एनो प्रांतांत कामगारांचा मोठा उठाव झाला. कारखाने पेटले, सैन्याने गोळ्या झाडल्या. कॉन्स्टंटँ म्यूनिए यांनी याच प्रदेशातील कामगारांना आपल्या चित्राशिल्पांचा नायक केले. सेसिल दुआर (१८६६-१९४१) या तरुण चित्रकर्तीने खाणीत राबणाऱ्या बायका रंगविल्या. व्हॅन गॉग १८७९ मध्ये बोरिनाजच्या खाणकामगारांत धर्मप्रचारक म्हणून राहिला होता, आणि त्याच्याशी झालेल्या बोलण्यानंतर युजेन बॉकही तेथे चित्रे काढण्यास गेले. आना यांच्या चित्रांत मात्र बागा, किनारे, फुले, उपासनेहून परतणारी माणसे आहेत. ज्या कारखान्याने चारशे फ्रँक पुरविले, तो त्यांच्या चित्रविश्वाच्या कडेलाच राहिला. दुआर यांना शिक्षण आणि साधने कमी असूनही जो विषय दिसला, तो बॉक यांना दिसला नाही किंवा त्यांनी तो टाळला. स्त्री कलावंतांच्या पुनर्मूल्यांकनाच्या उत्साहात या वर्गीय मर्यादेवर पांघरूण घालू नये. कलेशी कारखान्याचा दुवा राहिला तो वेगळ्या रीतीने : १८९० च्या सुमारास फिंच यांनी चित्रकला मागे ठेवून केरामिसमध्ये मातीकामाला आरंभ केला आणि पुढे फिनलंडमध्ये जाऊन तेथील मृत्तिकाकलेचा पाया घातला.

त्या संपत्तीने बॉक यांना स्वातंत्र्य दिले. विवाहाची सक्ती नाही, व्हिक्टर ओर्ता यांच्यासारख्या वास्तुकाराकडून घराची अंतर्रचना करवून घेण्याची ऐपत, प्रवास, वेळ. याच संपत्तीने त्यांचे नावही पुसले. चित्र विकणे ही त्यांची गरज नव्हती. म्हणून दलाल नाही, दलाल नाही म्हणून बाजारभाव नाही. आणि आधुनिक कलेचा इतिहास बाजारभाव व संग्रहालयांच्या खरेदीवहीतून लिहिला जातो. २५ फेब्रुवारी १९३६ रोजी इक्सेल येथे वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे संग्रहातील चित्रे विकली गेली आणि पैसा वृद्ध, गरजू कलावंतांच्या निर्वाहासाठी देण्यात आला. स्वतःची सुमारे १४० चित्रे मात्र त्यांनी आपल्या माळ्याच्या मुलीला, जी त्यांची धर्मकन्या होती, ठेवली. त्यांपैकी अनेक चित्रांत तीच मुलगी बागेत खेळताना दिसते. म्हणजे इतरांची चित्रे जगभरच्या संग्रहालयांत पोहोचली आणि त्यांची स्वतःची चित्रे एका घरात राहिली. १९६८ मध्ये बॉक घराण्यातील वंशजाने ती विकत घेतली. तरीही धर्मकन्येच्या हयातीत, १९९२ पर्यंत, ती तिच्याच घरी होती.

सार्वजनिक दृष्टीआड गेलेल्या या चित्रांकडे अभ्यासकांचे लक्ष हळूहळू वळले. २००० मध्ये बेल्जियममधील मारीमाँ येथील राजकीय संग्रहालयाने बॉक यांचे प्रदर्शन भरविले. त्यानंतर २०२३ मध्ये ओस्टेंड येथे आणि २०२४ मध्ये ब्रिटनीतील पोंताव्हाँ येथे त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. पोंताव्हाँ हे गोगँच्या 'कुरणातील संभाषणा'चे गाव. ज्या किनाऱ्याची चित्रे बॉक वर्षानुवर्षे काढीत होत्या, तो किनाराही तेथून फार दूर नाही.